मस्करी की कुस्करी? गेमिंग प्रँक व्हिडिओ मुलांनी बघावेत का, हे कसं ठरवायचं

तुमचं मूल स्वतः गेम खेळण्यापेक्षा दुसऱ्याला गेम खेळताना जास्त बघत असेल, तर त्यात प्रँकचे व्हिडिओ असणारच, हे धरून चाला. मित्राचं माइनक्राफ्टमधलं घर टीएनटी लावून उडवणं, भावाचे फ्री फायर गेममधले डायमंड (विकत घ्यायची नाणी) उडवल्याचं नाटक, मुलीचा आवाज काढून अनोळखी खेळाडूला बनवणं, असा सगळा माल तिथे असतो. यावर आईबाबांच्या प्रतिक्रिया साधारण दोनच. एक, "गेमच आहे, बघू दे." दुसरी, "बंद कर आधी ते." दोन्ही वेळेला व्हिडिओ कुणी बघितलेला नसतो.

माझ्या घरी नऊ वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे हे सगळं मी बरंच बघून बसले आहे. ज्यांना माइनक्राफ्ट आणि रोब्लॉक्समधला फरक सांगता येत नाही, अशा पालकांसाठी हे लिहिते आहे. गेम खेळता यायची गरज नाही. प्रँक कितीही आरडाओरड्याचा असो, माझं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: जो फसला, त्याचं पुढे काय झालं? त्याचं उत्तर मिळालं की निम्मा निर्णय झाला.

हाताशी काय हवं

- मूल ज्यावर बघतं तोच फोन, टॅब किंवा टीव्ही. तुमच्या फोनवर तेच चॅनल शोधलंत तरी पुढे काय काय सुचवलं जातंय, ते कळत नाही.
- त्यावर कुणाचं गूगल खातं चालू आहे याची माहिती.
- इअरफोन. पुटपुटलेल्या शिव्या फोनच्या स्पीकरवर निसटतात.
- प्ले स्टोअरचा पासवर्ड आणि तुमचं यूपीआय ॲप.
- अर्धा-पाऊण तास. रविवारची दुपार चांगली. शाळेच्या सकाळी हा विषय काढू नका.

१. हिस्ट्री उघडा, तीही मुलासमोर

यूट्यूबच्या ॲपमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात खात्याचं चित्र असतं, तिथे हिस्ट्री सापडते. एकेक व्हिडिओ तपासत बसू नका. कोणती चॅनलं पुन्हा पुन्हा येतात ते बघा आणि तीन निवडा. प्रत्येकाचा एक अगदी ताजा आणि एक सर्वात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ घ्या. चॅनल मोठं झालं की मजकूर बदलतो, म्हणून दोन्ही टोकं हवीत.

चोरून तपासणी करू नका. पुढच्या पायऱ्यांना मुलाची मदत लागणार आहे, आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलांना हिस्ट्री पुसणं, इन्कॉग्निटोमध्ये (हिस्ट्रीत नोंद न राहता) बघणं हे सगळं आपल्याहून चांगलं येतं.

इथला सापळा म्हणजे हॉलमधला टीव्ही. त्यावर बहुधा बाबांचं खातं कायमचं लॉग-इन असतं. अठरा वर्षांवरच्यांसाठीच्या व्हिडिओला यूट्यूब वय तपासतं ते खात्याचं. सोफ्यावर कोण बसलंय, हे त्याला काय माहीत!

२. प्रँक कोणत्या जातीचा आहे ते ओळखा

'गेमिंग प्रँक' या एका नावाखाली किमान सहा वेगळ्या गोष्टी येतात आणि त्यांची जोखीम अजिबात सारखी नाही.

*माइनक्राफ्टमधल्या खोड्या.* हा २०११ मध्ये पूर्ण रूपात आलेला, ठोकळे रचून घर, शेत, किल्ला बांधायचा गेम. इथला प्रँक म्हणजे जमिनीखाली टीएनटी पुरणं, पेटीतले हिरे पळवणं, अदृश्य होण्याचं औषध पिऊन मित्राच्या मागे मागे हिंडणं. मुलं याला 'ट्रोल करणं' म्हणतात. दुसऱ्याचं बांधकाम मुद्दाम उद्ध्वस्त केलं की ते 'ग्रीफिंग'. सहांपैकी हा प्रकार सर्वांत सौम्य, आणि त्यातले काही व्हिडिओ खरंच डोकेबाज असतात. एका दाराला सापळा लावायला अख्खं सर्किट बांधलेलं असतं. फक्त 'हेरोब्राइन' नावाच्या पांढऱ्या डोळ्यांच्या भुताचे प्रँक लहानग्यांची झोप उडवतात. मूल घाबरलं असेल तर सांगा की ही २०१० मध्ये इंटरनेटवर पसरलेली दंतकथा आहे, मूळ गेममध्ये असं पात्र कधीच नव्हतं. गेम बनवणारे मोजांगवालेही नव्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत 'हेरोब्राइनला काढून टाकलं' असं गमतीने लिहीत आले आहेत. आमच्याकडे या एका माहितीवर रात्रीचा दिवा बंद करता आला.

*जीटीए ५ मधला शिनचॅन.* हा मला सर्वांत फसवा प्रकार वाटतो. जीटीए ५ हा २०१३ चा गेम, गेमवर वयाचा शिक्का देणाऱ्या युरोपच्या पेगी पद्धतीत सरळ १८ वर्षांवरच्यांसाठी. पण मॉड (गेममध्ये बाहेरून केलेले बदल) टाकून त्यात शिनचॅन, डोरेमॉन अशी पात्रं आणतात आणि हिंदी निवेदन जोडतात. आजीला थंबनेलवर शिनचॅन दिसतो, म्हणजे नातू कार्टून बघतोय. प्रत्यक्षात तो शिनचॅन गेममधल्या फ्रँकलिन या पात्राची गाडी चोरतो, पोलिसांना चकवतो आणि शेजाऱ्याचा बंगला उडवतो. काही चॅनलं यातली मारधाड सांभाळून दाखवतात, हे मान्य. पण गेम तोच.

*रोब्लॉक्स.* हा एक गेम नाही. लोकांनी बनवलेले असंख्य छोटे गेम इथे एकाच ॲपमध्ये खेळता येतात. २०२५ मध्ये गाजलेल्या 'स्टील अ ब्रेनरॉट'मध्ये तर दुसऱ्याने जमवलेली पात्रं पळवणं हाच खेळ, आणि पात्रं चोरीला गेल्यावर ओक्साबोक्शी रडणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ हशा पिकवायला फिरले. आणखी एक प्रकार 'ऑनलाइन डेटर पकडले' असा असतो: कुणीतरी खोटं रूप घेऊन गेममध्ये 'गर्लफ्रेंड' शोधणाऱ्यांना उघडं पाडतं. पवित्रा समाजसेवेचा, पण सात वर्षांच्या मुलाला हा विषय पहिल्यांदा तिथेच कळतो.

*आयडी आणि डायमंडचे प्रँक.* फ्री फायर मॅक्स, बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममधले. आयडी म्हणजे गेममधलं खातं, टॉप-अप म्हणजे खरे पैसे भरून गेममधली नाणी घेणं. "छोटे भाई की आयडी डिलीट कर दी", "मम्मी के फोन से दस हजार का टॉप-अप" अशी शीर्षकं. यात पैसा येतो, म्हणून पुढे वेगळी पायरी ठेवली आहे.

*आवाज बदलून फसवणं.* मुलगा ॲपने मुलीचा आवाज काढतो आणि अनोळखी खेळाडूशी गोड बोलून त्याच्याकडून गिफ्ट उकळतो. आवाजाच्या पलीकडे कोण आहे हे कळत नसतं, हा चांगला धडा यातून मिळू शकला असता. प्रत्यक्षात मिळतो तो उलटा: अनोळखी माणसाशी लाडीगोडी लावली की फायदा होतो, आणि मुलगी म्हणजे गिफ्ट मागणारी. माझ्या दोन्ही मुलांना हा प्रकार बंद आहे.

*भीतीचे प्रँक.* 'रात्री तीन वाजता अमक्याला फोन केला' छापाचे. यात खेळण्यासारखी दिसणारी पात्रं असतात. निळ्या केसाळ हगी वगीची खेळणी जत्रेतही मिळतात, पण तो २०२१ च्या 'पॉपी प्लेटाइम' या भयगेममधला राक्षस आहे.

शिवाय कधी कधी प्रँक गेमच्या बाहेर पडतो: भावाचा पीसी फोडल्याचं नाटक, लहान बहिणीला खोटं रागावून रडवणं. तिथे गेम हे निमित्त उरतं. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये एका जोडप्याने स्वतःच्या मुलांवर असे प्रँक करून चॅनल चालवलं. त्यांना मुलांकडे दुर्लक्ष केल्याबद्दल पाच वर्षं प्रोबेशनची शिक्षा झाली. जानेवारी २०१९ पासून यूट्यूबने नियम स्पष्ट केला आहे: समोरच्याला खरोखर जीव धोक्यात आहे असं वाटायला लावणारे किंवा मुलांना तीव्र मानसिक त्रास देणारे प्रँक चालणार नाहीत. पण या नियमाने फक्त टोकाचं निघून जातं. मधलं सगळं आपल्यालाच निवडायचं आहे.

३. गेमचं वय बघा, पण तिथे थांबू नका

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली वय लिहिलेलं असतं. पेगीनुसार माइनक्राफ्टला ७, फोर्टनाइटला १२, जीटीए ५ ला १८. हे वय गेमचं असतं, त्यावर बोलणाऱ्या माणसाचं नसतं. सात वर्षांच्या गेमवर आईबहिणीवरून शिव्या देणारा निवेदक असू शकतो. उलट मात्र होत नाही: अठराच्या गेमवर निवेदक कितीही गोड असला तरी पडद्यावर अठराचंच असतं.

४. वीस मिनिटांचा व्हिडिओ पाच मिनिटांत कसा बघायचा

पूर्ण बघायला वेळ कुणाला आहे? माझा क्रम असा:

पहिलं मिनिट जसंच्या तसं बघा. भाषा आणि सूर तिथेच कळतो.

मग व्हिडिओच्या पट्टीवर बोट ठेवून सरकवा. पुष्कळ बघितल्या गेलेल्या व्हिडिओंवर चढउताराचा एक आलेख दिसतो. जिथे तो सर्वांत उंच, तो भाग लोकांनी सर्वांत जास्त वेळा पुन्हा बघितलेला. प्रँकमध्ये हाच प्रसंग खरा. त्याच्या अर्धा मिनिट आधीपासून लावा.

शेवटची दोन मिनिटं कधीही सोडू नका. भांडण मिटलं का, घर परत बांधून दिलं का, हे तिथेच दिसतं. जाहिरातही तिथेच दडलेली असते.

मधला भाग दीड किंवा दुप्पट वेगाने. वर्णनाखाली ट्रान्स्क्रिप्ट (बोलण्याचा लेखी मजकूर) असेल तर ती चाळा, ऐकण्यापेक्षा लवकर होतं. फक्त हिंदी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्याची आपोआप तयार झालेली ट्रान्स्क्रिप्ट काहीही लिहिते, आणि शिव्यांच्या जागी बऱ्याचदा नुसते रिकामे चौकोनी कंस येतात. कंस मोजा, काम होतं.

शेवटी कमेंट्स. वरच्या दहा-पंधरा वाचा. "भाई उसको और रुलाओ" यावर हजारो लाइक असतील तर तिथला प्रेक्षक कशासाठी येतो ते समजलं.

कमेंट्स बंदच असतील तर तो व्हिडिओ बहुधा 'मुलांसाठी बनवलेला' या वर्गात आहे. हा पालकांचा नेहमीचा सापळा, कारण त्यावरून आपण निर्धास्त होतो. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशनने, न्यूयॉर्क राज्याच्या साथीने, मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल गूगल आणि यूट्यूबवर १७ कोटी डॉलरची कारवाई केली आणि जानेवारी २०२० पासून ही वर्गवारी सक्तीची झाली. ती जाहिराती आणि माहितीबद्दल आहे. व्हिडिओ मुलांना योग्य असल्याचा तो दाखला नव्हे.

५. फसलेल्याकडे बघा

आता मुख्य काम. नमुन्यादाखल दोन व्हिडिओ डोळ्यांसमोर आणा. दोन्ही माइनक्राफ्टचे, दोन्हीत मित्राच्या घरावर हल्ला.

पहिल्यात मित्र झोपायला गेल्यावर त्याचं घर तळापासून छतापर्यंत कोंबड्यांनी भरलं जातं. मित्र दार उघडतो, शेकडो कोंबड्या अंगावर येतात, एवढ्या गर्दीने त्याचा गेम अडकायला लागतो. तो दोन सेकंद गप्प, मग हसू फुटतं. "थांब, तुझा किल्ला बघतोच आता." पुढची पाच मिनिटं दोघं मिळून कोंबड्या हाकलतात आणि शेवटी अंड्यांचं दुकान काढतात. पुढच्या व्हिडिओत डाव त्याचा.

दुसऱ्यात तेच घर, पण इथे लाव्हा ओततात. मित्र म्हणतो, "यार, बंद कर. दोन महिने लागले होते." आवाज खरोखर बसलेला आहे. त्यावर संकलनात मोठे अश्रू चिकटवलेले, सनईसारखं रडकं संगीत, आणि करणारा म्हणतो, "देखो गाइज, रो रहा है! लाइक ठोको." मित्र सर्व्हर (सगळे मिळून खेळतात ते गेमचं जग) सोडून जातो. व्हिडिओ संपतो.

गेम तोच, वय तेच, शिवी एकाही व्हिडिओत नाही. पहिला मी नऊ वर्षांच्याला बघू देते, दुसरा नाही. स्वतःला विचारायचे प्रश्न एवढेच:

- फसलेला शेवटी हसला का, आणि त्याचा डाव कधी येतो का? की दर वेळी तोच एक बकरा?
- 'थांब' म्हटल्यावर करणारा थांबला का?
- मोडलेलं परत बांधून दिलं का?
- फसलेला त्याचा मित्र आहे, की अनोळखी? की वयाने लहान पोर?
- चिडवलं कशावरून? फसण्यावरून असेल तर ठीक. जात, रंग, जाडी, 'मुलीसारखा रडतो', गावंढळ इंग्रजी, यावरून असेल तर चॅनल बाद.

पाचवा मुद्दा मी तडजोड न करता लावते. निवेदकाचा एखाद्या वेळी पाय घसरणं वेगळं आणि तोच त्याचा धंदा असणं वेगळं. दोन-तीन व्हिडिओ बघितले की फरक कळतो.

६. ठरवून केलेलं आहे का, आणि मुलाला ते कळतं का

दोन मित्रांच्या चॅनलवरचे बरेच प्रँक आधी ठरलेले असतात. ओळखायचं कसं? फसलेल्याचाही पडदा आणि चेहरा स्वच्छ रेकॉर्ड झालेला असेल तर रेकॉर्डिंगचं बटण त्यानेच दाबलेलं असतं. 'चुकून' आलेला भाऊ बरोबर कॅमेऱ्याच्या चौकटीत येऊन उभा राहतो. दहा हजारांचा टॉप-अप झाल्यावर ओरडायला आलेल्या आईच्या ओढणीला कॉलर माइक असतो. हा शेवटचा नमुना मुलीने मला दाखवला. "अगं आई, तो माइक बघ ना!" तेव्हापासून आमच्याकडे माइक शोधायचा खेळच झाला आहे.

ठरवून केलेलं वाईट नसतं, नाटकही ठरवूनच होतं. अडचण होते ती मुलाला ते खरं वाटतं तेव्हा. सहा-सात वर्षांच्या मुलाला भावाची आयडी डिलीट केल्यावर तो हसून मिठी मारतो, हे खरं वाटतं. घरी करून बघितल्यावर मग मिठीऐवजी धपाटा मिळतो.

नक्कल करता येईल का, हाही इथलाच प्रश्न. हजार कोंबड्यांची नक्कल गेममध्येच होते. पण मित्राचा पासवर्ड मागून घेणं, त्याची आयडी उडवणं, आजोबांच्या फोनवरून खरेदी करणं, हे आज संध्याकाळी करता येतं. वर्गमित्राचा बांधलेला सर्व्हर उद्ध्वस्त केला तर बंदी येते ती मुलाच्या खात्यावर, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसमध्ये बोलणं बंद होतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी एक जड गोष्ट. लाइव्ह खेळणाऱ्याच्या घरी खोटा फोन करून पोलीस पाठवणं, म्हणजे 'स्वॉटिंग', हेही काही जण प्रँकमध्येच मोजतात. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या विचिटा शहरात कॉल ऑफ ड्यूटी या गेममधल्या दीड डॉलरच्या पैजेवरून झालेल्या भांडणातून असा फोन गेला. पत्ता चुकीचा होता. दारात आलेला, गेमशी काही संबंध नसलेला माणूस पोलिसांच्या गोळीने मेला. फोन करणाऱ्याला २०१९ मध्ये वीस वर्षांची शिक्षा झाली. तेरा वर्षांच्या मुलीला मी हे सांगितलं, नऊ वर्षांच्याला नाही.

७. पैशाचा वास घ्या

प्रँक हे बऱ्याचदा दुकानाचं दार असतं. फ्री फायरचे डायमंड, बीजीएमआयची यूसी, रोब्लॉक्सचे रोबक्स, फोर्टनाइटचे व्ही-बक्स, ही सगळी खऱ्या रुपयांनी विकत घ्यायची नाणी. "मित्राला खोटं रोबक्स देऊन प्रँक" या व्हिडिओच्या वर्णनात 'फुकट रोबक्स'ची लिंक असेल तर मुलाला त्यावर बोट ठेवू देऊ नका. फुकट रोबक्स वाटणाऱ्या साइट पासवर्ड चोरायलाच बसलेल्या असतात.

व्हिडिओवर 'सशुल्क प्रचार' अशी सूचना आहे का ते बघा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार इन्फ्लुएन्सरने जाहिरात आहे हे ठळक सांगायला हवं. तरी लहान मुलांना त्याचा उपयोग नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा हेतू उमगत नाही, असं अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या कार्यगटाने २००४ मध्येच म्हटलं आहे.

जुन्या व्हिडिओंमध्ये 'रमी खेळा', 'रंग ओळखा, पैसे जिंका' अशा जाहिराती अजून सापडतात. ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम आणि त्यांच्या जाहिराती दोन्ही बंद झाल्या आहेत. नव्या व्हिडिओत अशी जाहिरात दिसली तर ते चॅनल सोडा.

आणि आत्ताच प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन 'प्रत्येक खरेदीला पडताळणी' चालू करा. यूपीआयचा पिन मुलांसमोर टाकायची सवय असेल तर पिनही बदला. त्यांना तो पाठ असतो.

८. आता मुलाशेजारी बसून बघा

यात न्यायाधीशासारखं बसायचं नाही. मुलाला गेम समजावून सांगू द्या, त्याला फार आवडतं. मध्ये एक-दोनदाच थांबवून विचारा: "हा आता काय करेल असं वाटतं?" "तुझं घर असं कुणी जाळलं असतं तर?" "हे खरं की ठरवून?" उत्तर देताना मूल स्क्रीनकडे बघतं की तुमच्याकडे, त्यावरून बरंच कळतं.

"हे असलं काय बघतोस रे?" हे वाक्य तेवढं टाळा. त्यानंतर मूल चॅनलची वकिली करतं आणि खरं मत बाहेर येत नाही.

पुढचे दोन-चार दिवस बघा. तोंडात नवी शिवी आली का, लहान भावंडाला उगाच रडवून "प्रँक था" म्हणतो का, रात्री बाथरूमला एकट्याने जायला घाबरतो का. व्हिडिओ तोच असला तरी तुमच्या मुलाला झेपतो का, हे इथे ठरतं. आमच्या मुलीला सहाव्या वर्षी भुताचं काही वाटत नसे. धाकटा अजूनही हगी वगीचं चित्र असलेल्या दुकानासमोरून डोळे मिटून जातो.

९. ठरवा, आणि सेटिंग करा

माझं मत सांगते, तुमचं वेगळं असू शकतं. सात वर्षांपर्यंत प्रँक व्हिडिओ नकोतच. खोटं आणि खरं वेगळं करता येत नसताना त्यात गंमत नसते, नुसता गोंगाट असतो. आठ ते अकरा: माइनक्राफ्टच्या खोड्या, निवडलेली दोन-तीन चॅनलं, हॉलमध्ये, इअरफोनशिवाय. बारानंतर यादी मुलाची, नकार देण्याचा अधिकार तुमचा, आणि नकाराचं कारण सांगायचंच. जीटीए मात्र शिनचॅनसकट बंद.

सेटिंग थोडक्यात. यूट्यूब किड्समध्ये ५ ते ८ आणि ९ ते १२ असे गट आहेत. गेमिंगचे व्हिडिओ ९ ते १२ मध्ये येतात. 'फक्त मी मंजूर केलेलं' हा पर्याय कंटाळवाणा पण पक्का. पालकांच्या कुलपाला सुरुवातीला गुणाकाराचं गणित विचारतात. पाढे पाठ असलेलं मूल ते चटकन उघडतं, तेव्हा स्वतःचा पासकोड ठेवा. मोठ्या यूट्यूबवर तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या देखरेखीचं खातं करता येतं. त्यात 'एक्सप्लोर' हा स्तर साधारण नऊपासून, 'एक्सप्लोर मोअर' तेरापासून. रिस्ट्रिक्टेड मोड (मोठ्यांचे व्हिडिओ गाळणारी सेटिंग) प्रत्येक उपकरणावर वेगळा चालू करावा लागतो, टीव्हीवरही, आणि त्यातून पुष्कळ काही निसटतं. ऑटोप्ले बंद करा. नको असलेल्या व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांतून 'हे चॅनल सुचवू नका' निवडा. सलग काही दिवस केलं की सूचनांचा रंग बदलतो. शॉर्ट्समधून तेच प्रँक तीस सेकंदांचे होऊन परत येतात, तिथेही हेच करा.

१०. कुस्करी झालीच तर

मुलाने कुणावर प्रँक केला आणि समोरचा दुखावला, तर गेममधलं नुकसान गेममध्येच भरून द्यायला लावा. घर जाळलं असेल तर त्याने बसून बांधून द्यावं, पालकांनी फोनवर माफी मागून मोकळं करू नये.

पैसे गेले असतील तर आधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. मुलाने स्वतःच खरेदी केली असेल तर गूगल प्लेकडे परताव्याची विनंती पहिल्या ४८ तासांत करा. पावतीचा ईमेल पुसू नका, व्यवहार क्रमांक त्यातच असतो.

गेममधल्या अनोळखी माणसाने मुलाकडे फोटो, पत्ता मागितला असेल किंवा धमकावलं असेल, तर चॅट पुसायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, तारीख-वेळ दिसेल असा, आणि समोरच्याची आयडी लिहून ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे. फोन करताना मूल शेजारी असू द्या, कारण आयडी कुठे दिसते आणि 'गिल्ड' म्हणजे काय, हे पलीकडच्याला त्यालाच नीट सांगता येतं.

चॅनलांची यादी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा काढा. सुट्टीत मामेभाऊ-आतेबहिणी जमतात आणि हिस्ट्रीत चार नवी नावं येतातच.